शुक्रवारचं पांढरं

१४ ऑक्टोबर, सोमवार

आईचे सात दिवसांचे विधी काल संपले. आज कामावर गेले. बस वेळेवर आली. ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलत होते. दुपारपर्यंत फरशांचे नमुने पाहिले, मग दोन दारांची मापं पुन्हा तपासली. घरी येऊन कालचा घेवडा गरम केला आणि भाताबरोबर खाल्ला.

आमच्या देवस्थानाच्या मुख्य क्रिस्पिनाआई. माझी आई आल्मेरिंदा, तिने तिथे तीस वर्षं सेवा केली. ज्यांच्या अंगात ओरिशा, म्हणजे आमचा देव, येतो त्यांना सावरायचं, घाम टिपायचा, देवाची वस्त्रं नेसवायची, हे तिचं काम. आठवड्याचे बाकीचे दिवस ती ग्रासा या श्रीमंत वस्तीत एका घरी स्वयंपाक, धुणं आणि मुलं सांभाळायची.

काल क्रिस्पिनाआईंनी मला समोर बसवलं. तीन महिने अंगावर पांढरं, डोक्याला पांढरं फडकं. नाच नाही, दारू नाही, कुणाच्या आनंदाचं जेवण नाही. बोलणं कमी.

"तुझं बोलणं तसंही कमीच," त्या म्हणाल्या. "पण कोंडून घेऊ नकोस, लेकी. बोलवत नसेल तर लिही."

म्हणून लिहितेय. मी घरांचे नकाशे काढते. मजकूर लिहायची सवय नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

समुद्राकाठच्या व्हितोरिया भागात गेले. मारीलुबाईंचं नवव्या मजल्यावरचं घर. आमच्या ऑफिसात आल्यापासून हे पहिलंच घर, ज्याची प्रत्येक रेघ माझी आहे. समुद्राकडची भिंत काढून बैठकीची खोली मोठी केली. स्वयंपाकघरामागे मोलकरणीची खोली आहे, तिला खिडकी नव्हती. मी काढली. नकाशा पाहून लिजिया म्हणाली होती, "तिथे कशाला खर्च?" मी म्हटलं, खर्च फार नाही. मग तिने राहू दिली. लिजिया म्हणजे आमच्या ऑफिसची मालकीण.

खाली द्वारपाल देराल्दो होता. माझ्या वडिलांच्या वयाचा, माझ्यासारखाच काळा. गेल्या महिन्यापर्यंत मला पाहिलं की पुढच्या लिफ्टचं बटण दाबायचा. आज काउंटरमागून उठून आडवा आला.

"बाई, मागची लिफ्ट."

"काका, मी नवव्या मजल्यावर चाललेय. आर्किटेक्ट. ओळखत नाही का?"

"ओळखतो. मागून जा."

"का?"

त्याने माझ्या पायापासून डोक्याच्या फडक्यापर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोण गेलं तुमचं?"

"आई."

"देव तिला उजेड देवो." मग पुन्हा काउंटरवरचा आवाज. "मागची लिफ्ट, बाई. मला बोल लावू नका. वरून सांगणं आहे."

पुढच्या लिफ्टशेजारी पितळी पाटी आहे. जात, वर्ण, हुद्दा यावरून लिफ्टमध्ये भेदभाव करणं कायद्याने गुन्हा आहे. पाटी रोज पुसत असणार, लखलखत होती.

मागच्या, नोकरमाणसांच्या लिफ्टमध्ये एक आया होती, एका हाताने बाबागाडी आणि दुसऱ्याने कुत्रा धरलेली. तिच्याही अंगावर पांढरं. तिने सरकून जागा दिली.

"नवीन का गं? कितव्या मजल्यावर?"

"नवव्या."

"मारीलुबाईंकडे? अरे देवा. रविवारची सुट्टी आधीच कबूल करून घे हां. मागाहून त्यांना आठवत नाही."

मी मान हलवली. खरं काय ते सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मला माहीत नाही.

देराल्दोचा राग जात नाही. गोऱ्या माणसाला हे पांढरं कळलं नाही तर एक वेळ समजू शकते. याला कळलं. आईसाठी उजेड मागितला आणि त्याच तोंडाने मला मागे पाठवलं. पोटासाठी माणूस एवढा वाकतो? आपलेच लोक आपल्याला खाली ओढतात असं आई म्हणायची नाही, मी म्हणते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

लिजियाला सांगितलं. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"अगं जू, ते कपड्यांमुळे गं. पांढऱ्यात बाई दिसली की त्या बिल्डिंगमध्ये आयाच वाटते. उद्या मी गेले ना पांढऱ्यात, मलाही मागून पाठवतील."

तसंच असेल. लिजिया मनाने चांगली आहे. आईला मूठमाती द्यायला आली होती, डोकं दुखत असूनही उन्हात उभी राहिली. असे मालक किती जणांना मिळतात?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवार म्हणून आज सगळं ऑफिस पांढऱ्यात. लिजियाचा तागाचा सैल झगा, काइओचा पांढरा सदरा. काइओ आमचा नवा मुलगा, कॉलेजातून नुकताच आलेला, लिजियाच्या मैत्रिणीचा भाचा. ओशालाचा, आमच्या पांढऱ्या वस्त्रांतल्या देवाचा, वार पाळायला या शहरात कुणाला ओशाला ठाऊक असावा लागत नाही. लिजियाने सगळ्यांना खिडकीपाशी उभं करून फोटो काढला.

शुक्रवारी मी ऑफिसात वेगळी दिसत नाही. बरं वाटलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

लिजियाने जेवायला बाहेर नेलं. मासा मागवला. गोष्ट माशानंतर निघाली.

"मारीलु जरा गोंधळलीय गं. तू गेलीस त्या दिवशी तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या. त्यांना वाटलं नवीन बाई ठेवलीय. एकीने तुझ्याकडे पाणी मागितलं, हो ना?"

"मी दिलं."

"तेच म्हणतेय मी! तू दिलंस. मग त्यांनी काय समजायचं?" ती हसली. "मला तुझ्यासाठी वाईट वाटतं. तर असं करू, तुझं हे चाललंय तोवर मारीलुकडे काइओला पाठवू. काम तूच करायचं. तो फक्त जाऊन दाखवेल. किंवा मग तेवढ्या दिवशी दुसरं काही घाल. फिकट बदामी चालेल. पांढऱ्यासारखंच असतं."

"नाही चालणार."

"देव एवढं बारीक बघतो का गं?"

"देवासाठी नाही. आईसाठी आहे."

"अगं, आईला काय वाटेल? तिला तुझं नाव झालेलंच आवडेल ना?"

आईचं नाव तिने ज्या सहजतेने उचललं, जणू टेबलावरचं मीठ, ते मला खुपलं. पण तिचं म्हणणं अगदी खोटंही नाही. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. घर माझं आहे हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे. काइओ नकाशा धरून उभा राहिला म्हणून नकाशा त्याचा होत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काइओचा फोन, मारीलुबाईंच्या न्हाणीघरात दार लावून. "जू, त्या विचारतायत हा खांब काढता येईल का."

"त्या खांबावर वरचे सात मजले उभे आहेत."

"म्हणजे नाही म्हणू?"

"नाही म्हण. आणि कशालाही हात लावू नकोस."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "त्या म्हणाल्या मी किती ठाम आहे." खूश होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज काळ्यांच्या जाणिवेचा दिवस. सकाळी लिजिया फोटोवाल्याला घेऊन आली. "जू, तुझा एक फोटो घेऊ ऑफिसच्या इंटरनेटवरच्या पानासाठी. फडकं जरा उंच बांधशील का? पगडीसारखं? चेहरा उठून दिसेल."

मी आरशासमोर जाऊन उंच बांधलं.

हे लिहिताना माझेच हात मला परके वाटतायत. ते फडकं आईसाठी आहे. ते नटायचं नाही. आणि कुणी गोड बोललं म्हणून मी ते सोडून पुन्हा बांधलं, फोटोवाला म्हणाला तसं खिडकीकडे पाहिलं, हनुवटी वर केली. फोटोखाली लिजियाने लिहिलं, "आमची मुळं, आमची ताकद."

त्याच वेळी काइओ व्हितोरियाला मारीलुबाईंना बैठकीच्या खोलीचा उजेड समजावत होता. त्या उजेडासाठी मी दोन महिने घालवले होते.

संध्याकाळी पानावर मारीलुबाईंनी लिहिलं होतं, "किती सुंदर चेहरा! कोण आहे ही?"

हे तीनदा वाचलं. त्या मला ओळखत नाहीत असं नाही. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसलो होतो. तेव्हा माझ्या अंगावर निळा सदरा होता. आता मी फोटोत आहे, त्यांच्या घरात नाही, आणि दोन्ही ठिकाणी मला नाव नाही.

हा राग आहे की आई गेल्याचं दुःख, मला वेगळं करता येत नाही. जेवले नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

फरशी बसवताना मी हवी म्हणून लिजियाने पाठवलं. काइओवर फरशीचा भरवसा नाही. घरात कुणी नव्हतं. तरी मागची लिफ्ट. देराल्दोने मान वर केली नाही, मीही नमस्कार केला नाही.

फरशीवाल्यांबरोबर गुडघ्यांवर बसून उतार तपासला. पांढऱ्या झग्याला सिमेंट लागलं.

आईचा ग्रासामधला गणवेश पांढरा होता. चाळीस वर्षं घातला, एकदाही घरी आणला नाही. तिथेच धुवायची, तिथेच टांगायची. आणि देवस्थानाचे तिचे घागरे इथे मागच्या अंगणात वाळत, कांजी घालून ताठ. लहानपणी मी विचारलं होतं, तोही पांढरा, हाही पांढराच, मग एकत्र का नाही धूत? म्हणाली, "तो त्यांनी घालायला लावलाय. हा मी घालते. दोन्ही एका दोरीवर यायचे नाहीत." एवढंच. आई मला काही समजावून सांगत नसे.

९ डिसेंबर, सोमवार

लिजिया स्वतः माझ्या टेबलापाशी आली. तेरा तारखेला मारीलुबाईंकडे गृहप्रवेश. शहरातली मोठी माणसं येणार, घरांच्या मासिकाची बाईही येणार.

"आणि ऐक, शुक्रवार आहे! मारीलुने सगळ्यांना पांढऱ्यातच बोलावलंय. म्हणजे काही अडचणच नाही. तू यायचंस. मी सगळ्यांसमोर सांगणार, हे घर कुणी काढलं ते."

"खरंच?"

"अगं, मग? माझ्यावर भरवसा नाही?"

मी एवढी खूश झाले की मलाच लाज वाटली. घरी येईपर्यंत मनात तेच. सगळे पांढऱ्यात. कपड्यांची गोष्टच मिटली.

११ डिसेंबर, बुधवार

क्रिस्पिनाआईंना विचारून आले. त्या भेंडी चिरत होत्या, सुरी थांबली नाही.

"काम आहे की मेजवानी?"

"काम. घर दाखवायचंय."

"मग जा. तोंडाला काही लावायचं नाही. पाणीसुद्धा घरून पिऊन जा. उभी राहा, दाखव, परत ये." मग माझ्याकडे पाहिलं. "एवढी का आनंदलीस? जेवणाला बोलावलं म्हणून?"

"माझं नाव घेणार आहेत, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. पुन्हा भेंडीकडे वळल्या. त्यांना माझ्या कामातलं काही कळत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

काल लिहिता आलं नाही. आता सगळं क्रमाने लिहिते.

ऊन उतरताना पोचले. अंगावर आईच्या विधीसाठी शिवलेला नवा झगा. देराल्दो म्हणाला, "बाई, मागची लिफ्ट बंद आहे. पुढून जा." आणि बटण दाबलं. मी आभार मानले नाहीत. लिफ्ट बंद पडली हे माझं नशीब, त्याचे कसले आभार?

दारात कुणी अडवलं नाही. आत सगळं पांढरं. पांढरे सदरे, पांढऱ्या साटीनचे झगे, पांढऱ्या चपला. आणि ती खोली. भिंत गेल्यामुळे अख्खा समुद्र आत आला होता, मला हवा होता अगदी तसा. थोडा वेळ मी नुसतीच पाहत राहिले.

गच्चीच्या कोपऱ्यात आकाराजे, म्हणजे चवळीच्या पिठाचे कोळंबी भरलेले वडे, तळायला बाई आणली होती. झेलिताबाई, जाडजूड, घेरदार पांढरा घागरा, डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा. समोर तेलाची कढई.

"तुलाही भाड्याने आणलंय का गं?" तिने विचारलं.

"नाही. मी या घराची आर्किटेक्ट."

"हो का? आणि मी बिशप." मग माझं तोंड पाहून तिचा झारा थांबला. "खरंच? मग हातात एक ग्लास घे बाई. आपला हात रिकामा दिसला की हे लोक त्यात स्वतःचा ग्लास देतात."

"शोकात आहे. पिता येत नाही."

"अगं बाई. कोण?"

"आई."

तिने झारा कढईच्या काठाला टेकवला, दोन बोटं कपाळाला लावली. "मग माझ्याशेजारी उभी राहू नकोस, पोरी. लांब जा. इथे उभी राहिलीस तर मेलीस."

मी हलायच्या आत एक गृहस्थ आला. न पाहता रिकामा ग्लास माझ्या हातात दिला आणि मागे वळून बोलत राहिला. मग एका बाईने दुसरा दिला, त्यात चुरगळलेला कागदी रुमाल. मी दोन्ही धरून उभी. दोघांच्या अंगावर पांढरं, माझ्याही अंगावर पांढरं. एका उंच माणसाने चुटकी वाजवली. "एक दे गं. कोळंबी जास्त घाल, तिखट कमी."

"यांना मी देते," झेलिताबाई म्हणाली. "ती कामाची नाही."

"मग उभी कशाला केलीय?" तो हसला.

लिजिया हे दोन हात अंतरावरून पाहत होती. लगबगीने आली. मला वाटलं आता सांगेल. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "जू, देऊन टाक ना एक. गंमत म्हणून. अवघड नको करूस."

मी दिला नाही. ग्लास कुठे ठेवावेत तेही सुचेना.

तेवढ्यात मारीलुबाई काइओला कोपराला धरून घेऊन आल्या, मागे मासिकाची बाई. "आणि हा आमचा किमयागार! समुद्र घरात आणला याने. आणि माहितीय का? मोलकरणीच्या खोलीलासुद्धा खिडकी काढली. सांगा, एवढ्या वयात एवढी माणुसकी!"

सगळे "वा वा" म्हणाले. काइओचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटलं, सगळ्यांनाच उजेड हवा असतो."

मी ग्लास खाली ठेवले. फरशीवर, माझ्या फरशीवर.

"ती खिडकी मी काढली," मी म्हणाले. माझा आवाज मोठा आला, मला एवढा मोठा आवाज आहे हे माहीत नव्हतं. "ही भिंत मी काढली. हे अख्खं घर माझं आहे. याला खांब कुठला आणि भिंत कुठली ते कळत नाही. न्हाणीघरात लपून मला फोन करायचा."

कढईतलं तेल तडतडत होतं, तेवढाच आवाज.

मारीलुबाईंनी डोळे बारीक केले. "अय्या, ही ती फोटोतली ना?"

आणि लिजियाने मला कुशीत घेतलं. सगळ्यांसमोर घट्ट धरलं आणि माझ्या डोक्यावरून लोकांना म्हणाली, "समजून घ्या हं. हिची आई गेलीय. अजून सावरली नाही बिचारी."

सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. एकीने "अरेरे" म्हटलं. ज्याने चुटकी वाजवली होती त्याने मान एका बाजूला कलवली. मासिकाच्या बाईने माझ्या दंडावर थोपटलं. झालं. मी जे बोलले ते कुणी ऐकलंच नाही. ते एका रडणाऱ्या मुलीचं बोलणं झालं.

माझी आई. तिला मूठमाती देऊन दोन महिने झाले, आणि लिजियाने तिचं मरण माझ्या तोंडावर रुमालासारखं दाबलं.

मी तिचे हात सोडवले. एकेक बोट सोडवावं लागलं. निघाले. झेलिताबाई मागून मोठ्याने म्हणाली, "घर छान झालंय हो बाई!" तिला कुणी काही बोललं असेल तर मला ठाऊक नाही.

पुढच्या लिफ्टने उतरले. खाली आले तर मागच्या लिफ्टमधून दोन पोरं बर्फाच्या रिकाम्या पेट्या काढत होती. लिफ्ट धडधाकट चालू होती. म्हणजे ते बंद असल्याचं खोटंच होतं. देराल्दो माझ्याकडे पाहत होता. या माणसाला फुकटचं खोटं बोलायचीही सवय आहे.

कपडे. दोन महिने मला सांगितलं, कपड्यांमुळे गं. काल सगळं घर पांढऱ्यात होतं आणि त्यांनी मला एका नजरेत वेचून काढलं.

१६ डिसेंबर, सोमवार

लिजियाने दार लावून घेतलं. कॉफी स्वतः करून आणली.

"शुक्रवारचं मी मनावर घेतलेलं नाही."

"काय घ्यायचं होतं मनावर?"

"जू, तू दुःखात आहेस."

"आई गेली म्हणून रडते. हातात ग्लास दिले म्हणून संतापलेय. दोन्ही एकत्र करू नकोस."

तिने बाही सारखी केली. "मी तुझ्यासाठी किती केलंय याची कल्पना आहे तुला? त्या बिल्डिंगमध्ये कुणी तुला पुढच्या दारात अडवेल, चारचौघांत अपमान होईल, म्हणून मी स्वतः फोन करून सांगितलं होतं, ती पांढऱ्यात येईल, तिला शांतपणे मागून घ्या. तुला कळूसुद्धा दिलं नाही."

वरून सांगणं आहे. देराल्दोचं ते 'वरून' म्हणजे नववा मजला, असं मी धरून बसले होते.

अजूनही लिहिताना कान तापतात. ती हे उपकार म्हणून सांगत होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खरं पाणी. खोटं असतं तर बरं झालं असतं.

मग कामाचं बोलली. मासिक ते घर छापणार आहे. नगरपालिकेत नकाशावर माझी सही आहे, जबाबदार म्हणून नाव माझं. "ते काइओच्या नावे करून दे. छापताना एकच नाव असलं की गोंधळ नाही. आणि तू जानेवारीभर विश्रांती घे. पगारासकट."

"नाही."

"जू..."

"जुसारा."

"जुसारा, त्याचा अर्थ काय होतो कळतंय ना? जानेवारीनंतर आपल्याला एकत्र काम करणं अवघड जाईल."

"कळतंय."

"एका सहीसाठी?"

"घर माझं आहे. भिंत पडली तर तुरुंगात मी जाणार. मग ती उभी आहे तोवरही नाव माझंच."

काइओ दाराबाहेर होता. म्हणाला, "मला तसं म्हणायचं नव्हतं." मी विचारलं, मग कसं? त्याने बाजूला होऊन वाट दिली. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याऐवजी जागेवर जाऊन दुसऱ्या एका घराच्या जिन्याची मापं संपवली, संध्याकाळपर्यंत. चूक एकही नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

ऑफिसात कुणी बोलत नाही. लिजियाने दोनदा माणूस पाठवून कागद पुढे केला, मी दोनदा परत केला. नोकरी जाणार हे आता नक्की. शिल्लक फार दिवस पुरणार नाही. रात्री मनात येतं, एक सही होती, केली असती तर काय बिघडलं असतं? सकाळी पुन्हा तोच राग आणि मग बरं वाटतं. हे चांगलं की वाईट, कळत नाही.

कामावरून देवस्थानी गेले. क्रिस्पिनाआईंना सगळं सांगितलं. आईच्या शोकात मी एवढी संतापते, ग्लास फरशीवर ठेवते, लोकांच्या घरात ओरडते. पाप लागेल का?

"मी नाच नको म्हटलं," त्या म्हणाल्या. "दारू नको म्हटलं. राग नको म्हटलं का?"

"नाही."

"मग? तुझी आई चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात गप्प बसली. इथे आली की माझ्यावर ओरडायची. कधी कांजी पातळ झाली म्हणून, कधी दिवा उशिरा लावला म्हणून. मी ऐकून घ्यायची. कुठेतरी निघायला हवं ना?"

आई ओरडायची हे मला ठाऊकच नव्हतं. घरी तिने कधी आवाज चढवला नाही.

"जानेवारीपर्यंत जायचं," त्या म्हणाल्या. "रोज. वेळेवर. याच कपड्यांत. आपण होऊन उठायचं नाही. त्यांना काढायचं असेल तर काढू देत, तेही तोंडावर बोलून."

"हो, आई."

"आणि त्या द्वारपालाचं नाव काय म्हणालीस?"

"देराल्दो."

"हं," एवढंच म्हणाल्या. का विचारलं कोण जाणे. त्याच्याबद्दल मी माझं मत बदललेलं नाही.

घरी आले तर गॅस संपलेला. कोपऱ्यावरून टाकी आणली. दुकानदार पोहोचवतो म्हणत होता, मी नको म्हटलं. चढावावर दोनदा खाली ठेवली आणि दोनदा उचलली. आत आणून जुनी काढली, नवी बसवली, नळी घट्ट केली. जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा आला. पाना घेऊन आणखी आवळलं, पुन्हा साबण लावला. या वेळी नाही आला. हात धुतले आणि भात टाकला.